गॅसची ज्योत पिवळी का होते? शेगडीच्या बिघाडांमागचे हवेचे गणित

ज्योत पिवळी दिसू लागली आणि घासून लख्ख केलेल्या कुकरच्या बुडाला पुन्हा काजळी धरली, की बहुतेक घरांत पहिला संशय सिलिंडरवर जातो. गॅस संपत आला असेल, या वेळचा सिलिंडर चांगला नाही, गॅसमध्ये काहीतरी मिसळले आहे, असे म्हणत आपण दोन-चार दिवस काढतो. मग दुरुस्तीवाला येतो, काहीतरी उघडतो, फुंकर मारतो, पुन्हा बसवतो आणि ज्योत निळी होते. सिलिंडर तोच असतो, गॅसही तोच असतो, मग बदलले काय? बदललेली असते ती हवा. शेगडीच्या तक्रारींपैकी फार मोठा भाग हा गॅसचा नसून हवेचा असतो, आणि हवेची वाट कुठून कुठे जाते हे एकदा समजले की निम्म्या तक्रारींचे निदान घरच्या घरी करता येते. उरलेल्या निम्म्यांना आपण हात का लावू नये, हेही त्याच समजुतीतून कळते.

## सिलिंडरपासून बर्नरपर्यंतचा प्रवास

घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो एलपीजी असतो. हा मुख्यतः प्रोपेन आणि ब्युटेन या दोन वायूंचा मेळ आहे, पण सिलिंडरच्या आत तो दाबाखाली द्रवरूपात राहतो. सिलिंडर हलवला की पाण्यासारखे जे डुचमळते ते पाणी नसून हा द्रव गॅसच असतो. नॉब उघडला की द्रवाच्या पृष्ठभागावरचा वायू बाहेर पडतो आणि खालचा द्रव उकळून त्याची जागा भरून काढतो. म्हणूनच सिलिंडर नेहमी उभाच ठेवावा लागतो, कारण तो आडवा केला तर वायूऐवजी द्रवच रेग्युलेटरमध्ये शिरतो, आणि द्रवाचा वायू होताना तो सुमारे अडीचशे पट फुगतो.

सिलिंडरच्या आतला दाब साधारण ५ ते ७ बार, म्हणजे आपल्या सभोवतालच्या हवेच्या दाबाच्या पाच-सात पट असतो, आणि हवामानाप्रमाणे व मिश्रणाप्रमाणे तो कमी-जास्त होतो. रेग्युलेटरमधून बाहेर पडताना मात्र हा दाब बादलीत फूटभर पाणी भरल्यावर तळाशी जेवढा असतो, साधारण तेवढाच उरतो. रेग्युलेटरचे खरे काम हे आहे. चालू-बंद करण्याची कळ ही त्याची वरवरची ओळख झाली.

तिथून गॅस नळीतून शेगडीत येतो, नॉबमागच्या कॉकमधून जातो आणि जेटपाशी पोहोचतो. जेट म्हणजे पितळेचे छोटेसे तोंड, ज्याचे भोक एक मिलिमीटरपेक्षाही लहान असते. जेटच्या समोर बर्नरची नळी असते, पण ती जेटला चिकटून बसवलेली नसते. मध्ये मुद्दाम मोकळी जागा ठेवलेली असते, आणि सगळी मेख या मोकळ्या जागेत आहे.

भरधाव लोकल फलाटाला न थांबता निघून गेली, की फलाटावरचे कागदाचे कपटे तिच्यामागे ओढले जातात. जेटमधून वेगाने सुटलेली गॅसची बारीक धारही तशीच आजूबाजूची हवा आपल्याबरोबर बर्नरच्या नळीत ओढून नेते. नळीत दोघांचे मिश्रण होते आणि ते मिश्रण बर्नरच्या भोकांतून बाहेर येऊन पेटते. शाळेच्या प्रयोगशाळेतला बन्सन बर्नर ज्या तत्त्वावर चालतो, त्याच तत्त्वावर ओट्यावरची शेगडी चालते. पंखा, पंप, वीज यांपैकी काहीही नसताना गॅस स्वतःच आपली हवा खेचून आणतो. ही रचना साधी आहे, पण तेवढीच नाजूकही आहे, कारण हवा खेचण्याची ताकद त्या बारीक धारेपुरतीच असते. वाटेत थोडासा अडथळा आला तरी हवेचे प्रमाण घटते.

किती हवा लागते, हा आकडा पाहिला की हे पटते. एक लिटर प्रोपेन वायू पूर्ण जळण्यासाठी सुमारे २४ लिटर हवा लागते आणि एक लिटर ब्युटेनसाठी सुमारे ३१ लिटर. म्हणजे शेगडीत जे जळते त्यात गॅस चिमूटभर आणि हवा ओंजळभर असते. यातली काही हवा बर्नरच्या नळीतून गॅसमध्ये मिसळून येते आणि उरलेली ज्योतीच्या भोवतालून तिला मिळते.

## निळी ज्योत आणि पिवळी ज्योत

समईची ज्योत पिवळी असते आणि ती तशीच असायला हवी. तेलाच्या वाफेला आधी हवा मिळालेली नसते, ती फक्त बाहेरून मिळते. त्यामुळे आतल्या भागात कार्बनचे अतिसूक्ष्म कण तयार होतात, ते तापून पिवळे चमकतात आणि त्यातले काही न जळता वर जातात. समईवर धरलेल्या वाटीला काजळ धरते ते याच कणांचे.

गॅसच्या ज्योतीला पुरेशी हवा आधीच मिसळून मिळाली, तर हे कण तयार होण्यापूर्वीच इंधन जळून जाते आणि ज्योत निळी राहते. हवा कमी पडली की गॅसची ज्योत समईच्या ज्योतीसारखी वागू लागते, म्हणजे ती पिवळी, लांब आणि मऊ होते आणि भांड्याच्या बुडाला काजळी धरते. ही काजळी म्हणजे आपण पैसे देऊन आणलेले, पण न जळलेले इंधन असते. त्याहून गंभीर बाब अशी, की अपुऱ्या हवेत जळताना कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. त्याला रंग नसतो आणि वासही नसतो. बंद न्हाणीघरातल्या गॅस गीझरमुळे होणाऱ्या दुर्घटनांमध्ये घात करतो तो हाच वायू. स्वयंपाकघर सहसा मोकळे असते, म्हणून तिथे तो इतका साचत नाही, पण दारे-खिडक्या लावून पिवळ्या ज्योतीवर तासन्‌तास काम करणे मुळीच योग्य नाही.

एक फरक मात्र ध्यानात ठेवावा. निळ्या ज्योतीत अधूनमधून नारिंगी ठिणग्या किंवा पट्टे दिसले, तर तो बिघाड असेलच असे नाही. मिठाच्या पाण्याचे थेंब, पिठाचा धुरळा, केर काढताना उडालेली धूळ ज्योतीत गेली की त्यांच्यातल्या सोडियममुळे ती क्षणभर नारिंगी होते. ठिणग्या येऊन जात असतील तर चिंता नको. संपूर्ण ज्योतीची टोके सतत पिवळी असतील तर मात्र शोध घ्यायला हवा.

निदानाची साधी किल्ली इथे हाती लागते. ज्योतीचा रंग हवेविषयी सांगतो आणि ज्योतीची उंची गॅसविषयी. ज्योत उंच पण पिवळी असेल तर हवा अडली आहे. ज्योत निळी पण बुटकी असेल तर गॅस अडला आहे. दोन्ही बर्नर एकाच वेळी मंदावले असतील तर दोष रेग्युलेटरमध्ये, नळीत किंवा संपत आलेल्या सिलिंडरमध्ये शोधावा. एकच बर्नर मंद असेल तर बहुधा त्याच्या जेटमध्ये कचरा आहे.

## हवा नेमकी कुठे अडते

दूध उतू जाते, वरणाचा फेस सांडतो, चहाचे पाणी उसळते. हे सगळे बर्नरच्या भोकांवर पडते, करपते आणि कडक होते. भोके बुजली की मिश्रणाची बाहेर पडण्याची वाट अरुंद होते, आतला वेग मंदावतो आणि धारेबरोबर पुरेशी हवा ओढली जात नाही. म्हणून बुजलेल्या बर्नरची ज्योत काही ठिकाणी मुळीच नसते आणि उरलेल्या ठिकाणी पिवळी असते.

बर्नर पूर्ण गार झाल्यावर पितळी झाकण काढावे, गरम पाण्यात थोडा साबण घालून ते भिजत ठेवावे आणि जुन्या टूथब्रशने घासावे. पितळ काळवंडले असेल तर चिंच किंवा लिंबू चालते. धुण्याच्या सोड्याचे पाणी मात्र टाळावे, कारण अनेक शेगड्यांत बर्नरचे खालचे भाग ॲल्युमिनियमचे असतात आणि सोड्याने ॲल्युमिनियम झिजते. भोकांतला कचरा सुईने हलकेच मोकळा करावा. दाभण घुसवून भोक रुंद करू नये. काडीपेटीची काडी किंवा दात कोरायची काडीही वापरू नये, ती आतच मोडून बसते. शेवटी सगळे भाग उलटे ठेवून पूर्ण वाळवावेत, कारण नळीत पाणी राहिले तर ज्योत फडफडते आणि आपल्याला वाटते की साफसफाईनेच बिघडले.

इतके करूनही ज्योत सुधारत नाही असे पुष्कळदा होते, आणि त्याचे कारण डोळ्यांआड असते. आमच्या घरी गेल्या दिवाळीत चकल्या तळताना डावा बर्नर पिवळा जळू लागला. झाकण दोनदा धुतले, भोके एकेक करून पाहिली, तरी काही फरक पडेना. शेवटी ज्यांना बोलावले त्या काकांनी शेगडी उलटी केली, दोन स्क्रू काढून बर्नरची नळी हातात घेतली, वरच्या तोंडाशी मोबाइलचा टॉर्च धरला आणि दुसऱ्या टोकातून मला पाहायला सांगितले. प्रकाशाचे पूर्ण वर्तुळ दिसायला हवे होते, तिथे चंद्रकोरीएवढाच उजेड दिसत होता. बाटल्या धुण्याच्या बारीक ब्रशने त्यांनी आतून जे काढले ते कोळ्याचे जाळे होते, त्यावर पिठाची पूड आणि तेलाचा चिकट थर बसून त्याचा राखाडी बोळा झाला होता. हवा तिथे अडली होती, आणि मी मात्र दुसरीकडेच घासत बसलो होतो. काही दिवस न वापरलेल्या बर्नरमध्ये कोळी जाळे करतात, म्हणून गावाहून परत आल्यावर एखादाच बर्नर पिवळा जळत असेल तर आधी ही नळी तपासून घ्यावी.

ज्योतीला बाहेरून मिळणारी हवा अडवण्याचे काम कधीकधी आपण स्वतःच करतो. ओटा स्वच्छ राहावा म्हणून बर्नरभोवती ॲल्युमिनियम फॉइल पसरून ठेवली जाते. ती खालून येणारी हवा अडवते. वाकलेल्या स्टँडमुळे भांडे बर्नरच्या फार जवळ बसते, तेव्हाही हेच होते.

## ज्योत उडते, फुरफुरते किंवा आतच पेटते

ज्योत बर्नरला न टेकता वर उचलल्यासारखी दिसते आणि जोराचा सुसाट आवाज येतो, तेव्हा मिश्रणाचा वेग ज्योतीच्या जळण्याच्या वेगाहून जास्त झालेला असतो. याचे कारण हवेचे जादा प्रमाण किंवा गॅसचा जादा दाब हे असते. सर्वच बर्नरवर एकाएकी असे झाले तर रेग्युलेटर दाब नीट उतरवत नसण्याची शक्यता असते. अशा वेळी शेगडी व रेग्युलेटर बंद करून वितरकाला कळवावे. रेग्युलेटर घरी उघडून पाहण्याची वस्तू नाही.

याच्या उलट प्रकार म्हणजे गॅस बारीक करताना ‘फट्’ असा आवाज होऊन ज्योत बर्नरच्या आत जाणे. मिश्रण बाहेर येण्याचा वेग इतका मंद होतो की ज्योत उलट दिशेने आत शिरते आणि जेटपाशी जळू लागते. झाकण तिरके बसले असेल, झिजून भोके मोठी झाली असतील किंवा जेट अर्धवट बुजला असेल, तर हे घडते. नॉब लगेच बंद करावा, बर्नर गार होऊ द्यावा, झाकण खाचेत नीट बसवावे आणि मगच पुन्हा पेटवावे. ज्योत तशीच आत जळत ठेवली तर नळी आणि कॉक दोन्ही तापून खराब होतात.

## ‘पण गॅसच खराब असेल तर?’

ही शंका अगदीच निराधार नाही. प्रोपेन उणे ४२ अंश सेल्सिअसला उकळतो आणि ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास. त्यामुळे सिलिंडरमधून प्रोपेन आधी जास्त प्रमाणात निघून जातो आणि शेवटी ब्युटेनचे प्रमाण वाढते. वर पाहिल्याप्रमाणे ब्युटेनला जास्त हवा लागते, म्हणून सिलिंडर संपता संपता ज्योतीची टोके किंचित पिवळी होऊ शकतात. गॅसला वास यावा म्हणून त्यात मरकॅप्टन नावाचे तीव्र वासाचे द्रव्य मिसळलेले असते. तेही मागे उरत जाते आणि शेवटच्या दिवसांत वास अधिक जाणवतो. आपल्या आजी-आयांचे ‘पिवळा जळतोय म्हणजे संपत आला’ हे निरीक्षण इतपत खरे आहे. पण नवा सिलिंडर लावल्यावरही ज्योत पिवळीच राहिली, तर दोष शेगडीत आहे हे नक्की समजावे.

## ‘जेटचे भोक जरा मोठे केले तर गॅस जोरात नाही का येणार?’

जोरात येईल, आणि बिघाड तिथूनच सुरू होईल. भोकाचा व्यास दहा टक्क्यांनी वाढवला तर त्याचे क्षेत्रफळ एकवीस टक्क्यांनी वाढते. गॅस तेवढा वाढतो, हवेची वाट मात्र होती तेवढीच राहते. ज्योत मोठी व पिवळी होते आणि पातेल्याच्या बाजूंनी वर जाते. घरगुती एलपीजी शेगड्यांसाठीच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस ४२४६ मध्ये, किमान ६८ टक्के उष्णता भांड्यापर्यंत पोहोचावी अशी अट आहे. बाजूने निसटलेली ज्योत भांड्याऐवजी स्वयंपाकघर तापवते.

जेटचा हा मुद्दा पाइपगॅस आलेल्या घरांसाठी फार महत्त्वाचा आहे. मुंबई, ठाणे, पुणे या भागांत नळीने येणारा गॅस हा मुख्यतः मिथेन असतो. तो वजनाने हलका असतो आणि तेवढ्याच आकारमानात त्याच्यात एलपीजीच्या निम्म्याहूनही कमी ऊर्जा असते. त्याचा दाबही कमी, साधारण वीतभर पाण्याएवढा असतो. म्हणून जोडणी देताना शेगडीचे जेट बदलून मोठ्या भोकाचे बसवले जातात. पाइपगॅस मंद असतो अशी तक्रार येते, तिथे अनेकदा जेट बदललेच गेलेले नसतात किंवा चुकीच्या मापाचे बसवलेले असतात.

उलट दिशेची चूक अधिक घातक आहे. मुंबईच्या घरात नवी शेगडी घेतली की जुनी कोकणातल्या किंवा घाटावरच्या घरी नेण्याची आपल्याकडे पद्धत आहे. पाइपगॅससाठी मोठे केलेले जेट असलेली ती शेगडी गावी सिलिंडरला जोडली, की एलपीजीचा लोटच्या लोट बाहेर येतो आणि ज्योत हातभर उठते. शेगडी गावी न्यायची असेल तर आधी सिलिंडरचे जेट बसवून घ्यावेत. गणपतीला गाडीत सामान भरण्याच्या घाईत ही गोष्ट राहून जाते, म्हणून आग्रहाने सांगावेसे वाटते.

## नॉब जड झाला, पेटत नाही

नॉबमागच्या कॉकमध्ये निमुळता पितळी खुंटा फिरतो आणि त्याभोवतीचा ग्रीसचा पातळ थरच गॅस अडवून धरतो. उष्णतेने हा थर सुकला की नॉब जड होतो. तिथे खोबरेल किंवा शिलाई मशीनचे तेल सोडले की दोन दिवस नॉब मऊ फिरतो, पण तेल उरलेले ग्रीस पातळ करून वाहवून नेते आणि स्वतः सुकून चिकट होते, आणि मग गॅस झिरपू लागतो. पक्कड लावून पिळणे तर त्याहून वाईट. उष्णतेला टिकणारे खास ग्रीस जाणकाराकडूनच भरून घ्यावे. आपोआप पेटणारी शेगडी पेटत नसेल, तर बहुतेक वेळा ठिणगीची पिन ओली किंवा चिकट झालेली असते. ती कोरड्या फडक्याने पुसली की काम होते.

## गळती

इथे हवेचे गणित उलटे होते. बर्नरमध्ये गॅसला हवा मिळावी म्हणून आपण धडपडतो, पण खोलीत गॅस आणि हवा एकत्र येणे हाच धोका असतो. हवेत एलपीजीचे प्रमाण सुमारे २ टक्के झाले तरी ठिणगीने भडका उडू शकतो. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत, ओट्याखाली, मोरीच्या खळग्यात साचतो, तर पाइपगॅस हलका असल्याने छताकडे जातो. म्हणून वास आल्यावर आधी रेग्युलेटर बंद करावा, पाइपगॅस असेल तर त्याचा मुख्य कॉक बंद करावा, ओट्यावर देवाचा दिवा किंवा उदबत्ती जळत असेल तर ती विझवावी, मग दारे-खिडक्या उघडाव्यात आणि घराबाहेर यावे. दिवा, पंखा, एक्झॉस्ट फॅन लावूही नये आणि चालू असेल तर बंदही करू नये, कारण बटणाच्या आत दोन्ही वेळा ठिणगी पडते. फोनही बाहेर येऊनच करावा. एलपीजी गळतीसाठी १९०६ हा मदत क्रमांक आहे.

वास नसतानाही महिन्यातून एकदा आणि सिलिंडर बदलल्यावर प्रत्येक वेळी जोड तपासावेत. काडी ओढून पाहण्याची जुनी सवय अजूनही काही घरांत दिसते. ती पूर्णपणे बंद व्हायला हवी. वाटीभर पाण्यात साबण विरघळवावा, रेग्युलेटर चालू व नॉब बंद ठेवून ते पाणी बोटाने किंवा ब्रशने सिलिंडरच्या तोंडाशी, नळीच्या दोन्ही टोकांना आणि कॉकच्या बुडाशी लावावे आणि मिनिटभर नीट पाहावे. सिलिंडरच्या तोंडाशी बुडबुडे वाढताना दिसले, तर आतली छोटी रबरी कडी झिजलेली किंवा निखळलेली असते. रेग्युलेटर काढून सिलिंडरला सुरक्षा टोपी लावावी आणि वितरकाला बोलवावे. बुडबुडे नळीच्या टोकाशी दिसले तर नळीवर छापलेली तारीख वाचावी. तारेची वीण असलेली केशरी सुरक्षा नळीसुद्धा ५ वर्षांनी बदलावी लागते. ती वरून कितीही नवी दिसत असली तरी टोकाशी किंचित वाकवून पाहावी. शेगडीच्या उष्णतेने रबर सर्वांत आधी तिथेच ताठर होते, आणि बारीक भेगा असतील तर तिथेच दिसतात.